धुऱ्यावरचं मीठ

विवेकचा फोन तेजरामने घेतला, तिथेच सगळं बिघडलं. मैनाबाईच्या हाती फोन आला असता तर तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं, बापू, तुझं इथं काही नाही, येऊ नको. पण तेजराम पडला भोळा माणूस. पलीकडून कोणी अदबीने 'काका' म्हटलं की याचं घर त्याला मोकळं.

"हौ हौ, ये ना बापू. किरनापूरले उतर, मी घ्याले येतो," असं म्हणून त्याने फोन ठेवला आणि अंगणात आला. "आयकलं का वो? नूतनसंग काम करे तो पोट्टा येऊन राह्यला परवा. कोकणातून. नूतनच्या पेटीत एक लहान बाटली होती म्हणते, स्पिरिटची. तेवढी घेऊन जातो म्हणे."

मैनाबाई धान पाखडत होती. सूप हातातच थांबलं.

"कोणती बाटली?"

"मले का मालूम? पेटी तं तूच उघडली होती."

"पाहीन," ती म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

पाहायचं काय होतं त्यात? बाटली तिने दहा महिन्यांपूर्वी दगडावर फोडून काच विहिरीमागच्या खड्ड्यात टाकली होती. आणि बाटलीत जे होतं ते स्वतःच्या हाताने पुरलं होतं. गावात हे एका माणसाला ठाऊक नव्हतं, नवऱ्यालाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता ती मूठ उघडायला हजार कोसांवरून एक पोरगा निघाला होता, आणि तो कोण हे मैनाबाईने त्याच क्षणी ओळखलं. म्हणजे ओळखलं असं तिला वाटलं.

नूतन ही त्यांची एकुलती एक. तेजरामची नोकरी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत, दगडाच्या नमुन्यांच्या कोठीत. जमिनीतून काढलेले दगडाचे लांब दांडे पेटीत ओळीने लावायचे आणि प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवायची, कुठला, किती खोलीवरचा, कोणत्या तारखेचा. बत्तीस वर्षं त्याने हेच केलं. "चिठ्ठीशिवाय दगड म्हणजे नुसता दगड," असं तो पोरीला सांगायचा, आणि पोरगी आठ वर्षांची असताना त्याच्या शेजारी बसून पेन्सिलने चिठ्ठ्या लिहायची. पुढे बालाघाटला शिकली, आणखी शिकायला म्हणून कोकणात गेली आणि तिथे समुद्रातल्या गोगलगायींच्या मागे लागली. शंख नसलेल्या, रंगीबेरंगी गोगलगायी. इथल्या माणसाने पाणी पाहिलं ते वैनगंगेचं, फार तर खाणीच्या खड्ड्यात साचलेलं. समुद्रातल्या गोगलगायीचं कौतुक त्याला काय असणार? तेजराम एकदा बोलून गेला, "गोगलगायीनं पोट भरते का बाई? मास्तरीण हो, इथंच बालाघाटले." तेव्हापासून कामाच्या गोष्टी नूतन बापाला सांगेनाशी झाली.

यंदाच्या संक्रांतीला संध्याकाळी तिचा फोन आला होता. आवाज भरलेला. हसत होती की रडत होती, मैनाबाईला नीट कळलं नाही.

"आई, तुले एक गोष्ट सांगाची आहे. फोनवर नाही. होळीले येईन ना, तवा तुया हातात देऊन दाखवीन."

"का झालं वो?"

"काही नाही झालं. बाबूजीले आताच सांगू नको. तुलेच पहिले सांगीन."

मैनाबाई त्या रात्री झोपली नाही. सत्तावीस वर्षांची कुवारी पोरगी, परमुलखात एकटी, आणि बापाला सांगू नको म्हणते. शेजारच्या रुख्माबाईने आधीच एकदोनदा जीभ सैल सोडली होती, एवढी दूर पोट्टी ठेवता, बरं आहे बाप्पा तुमचं. मन चिंती ते वैरी न चिंती, तसं झालं मैनाबाईचं.

होळी आलीच नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ताप आला म्हणून कळवलं, आणि चौथ्या दिवशी नूतन गेली. तेजराम पुतण्याला घेऊन पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. एवढ्या लांबून आणणं झालं नाही. तिकडेच अग्नी दिला आणि तो दोन गोष्टी घेऊन परतला, एक मडकं आणि एक पत्र्याची पेटी. मडकं वैनगंगेत गेलं. पेटीला हात लावायची तेजरामची हिंमत झाली नाही.

तेरवी झाल्यावर एका दुपारी मैनाबाईने पेटी उघडली. कपडे, वह्या, एक भिंग, चिखलाने कडक झालेल्या चपला. आणि तळाशी, मैनाबाईच्याच जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी. तो तुकडा नूतनने घरून मागून नेला होता. त्यात बोटभर उंचीची काचेची बाटली. बाटलीत पाण्यासारखं काही, आणि त्यात एक पांढरट, अंगठ्याच्या पेराएवढा जीव. पाठीत वाकलेला. डोक्याच्या बाजूला दोन बारीक कोंब, हात फुटावेत तसे. झाकण उघडलं तर दवाखान्याचा वास आला. आत एक चिठ्ठी होती, पेन्सिलने लिहिलेली, इंग्रजीत. मैनाबाई चौथी शिकलेली, मराठीत. तिला आकडे तेवढे कळले. चौदा आणि एक. चौदा जानेवारी. संक्रांत.

हातात देऊन दाखवीन, असं ती म्हणाली होती.

मैनाबाईने बाटली मांडीवर ठेवली. चार दिवसांच्या तापाने एवढी धडधाकट पोरगी कशी जाते, हा प्रश्न तिला रोज छळत होता. त्याचं उत्तर आता मांडीवर होतं. कुठल्यातरी दवाखान्यात जाऊन पाडून आली असेल, त्यातच ताप भरला असेल, आणि टाकवलं नसेल म्हणून जवळ ठेवलं असेल. तिला पोरीचा राग आला. मग त्या जिवाकडे बघून रडू आलं. शेवटी तिने डोळे पुसले आणि जे करायचं ते केलं.

दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरताना वर मीठ घालतात. ही रीत तिच्या सासूने तिला शिकवली होती, तिचं स्वतःचं पहिलं लेकरू सातव्या दिवशी गेलं तेव्हा. तेजराम किरनापूरच्या बाजाराला गेलेला पाहून ती घरामागच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर गेली. तिथल्या परसाच्या, पळसाच्या झाडाखाली हातभर खणलं. लुगड्याच्या तुकड्यात तो जीव ठेवला, वर दोन मुठी खडं मीठ घातलं आणि माती लोटली. चिठ्ठी मात्र तिने पुरली नाही. पोरीचं अक्षर होतं ते. वाळवून तिने ती आपल्या कुंकवाच्या डबीत, आरशामागे सरकवून ठेवली.

त्यानंतर तिने नूतनशी बोलणं सोडलं. मेलेल्या माणसाशी कोणी बोलत नाही म्हणता? आया बोलतात. तेजरामने फोटो मढवून आणला तर तिने तो कपाटाच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून ठेवला, खिळा मिळत नाही म्हणाली. पण धुऱ्यावर ती रोज जायची. दिवाळीत सगळ्या घराला पणत्या लागल्या, त्यातली एक तिने परसाखाली नेऊन ठेवली. मुलगा असेल की मुलगी, हे ती धानाच्या रोवण्यात, निंदणात, चुलीपुढे मनाशी घोळवत राहायची. लाज होती, पण ती लाजही तिची होती, नातवाची होती. पोटात ठेवण्यासारखं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

आणि आता बाप येत होता त्याचा.

दोन दिवस मैनाबाईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तो यायच्या दिवशी सकाळी तिने हरभऱ्याची डाळ पुरणासाठी शिजत घातली. मग वाटलं, याला कसलं पुरण, जावई आहे का हा? म्हणून तिखटमीठ घालून वरण करायला घेतलं. अर्धी डाळ तशी झाल्यावर पुन्हा वाटलं, आला तर आहे ना विचारत, इतक्या दिवसांनी का होईना. मग उरलेल्या अर्ध्या डाळीत गूळ घातला. तेजरामने ते पाहिलं, पण बायकोला विचारायची त्याची प्राज्ञा नव्हती.

पोरगा आला तो उन्हाने करपलेला, किडकिडीत, पाठीवर पिशवी. पायावर चपलेच्या पट्ट्यांचे पांढरे वळ. वाकून नमस्कार केला त्याने. मैनाबाईने त्याचं तोंड नीट निरखलं. नातू असता तर कान याच्यासारखे झाले असते, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

"दही नाई घरात," ती तेजरामला म्हणाली. "दुकानातून आणा जी."

तेजराम गेला. तिने पोराला पाणी दिलं नाही, की बस म्हटलं नाही. "चाल माह्यासंग," म्हणाली, आणि घरामागून धुऱ्यावर घेऊन गेली. धान कापून झालं होतं, बांधीत नुसते बुडखे उभे होते. परसाच्या झाडाखाली ती थांबली.

"इथं आहे," ती म्हणाली. "मी पुरलं. जसं पुरतात तसं, मीठ घालून, माह्या लुगड्यात. तुमच्याच्यानं झालं नाई ते मी केलं."

विवेकने जमिनीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "काय पुरलं, काकू?"

"बाटलीतलं."

त्याचा चेहरा उतरला. "पुरलं? का?"

"काहून का म्हणजे? लेकराले काय बाटलीत ठेवतात? तुले लाज नाई वाटत, बापू? ती एकटी गेली. तू दहा महिने कुठं होता?"

विवेकला पहिल्यांदा काहीच कळलं नाही. तिने 'लेकरू' हा शब्द पुन्हा उच्चारला, आणि 'तुमचं' असं म्हटलं, तेव्हा कळलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. तो तिथेच धुऱ्यावर उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी त्याने तोंड झाकलं.

"काकू," हात खाली घेत तो म्हणाला, "ते मूल नव्हतं. नूतनचं आणि माझं तसं काही नव्हतं. कोणाशीच नव्हतं. तिला समुद्रातून वेळ होता कुठे?"

त्याने फोन काढला, एक फोटो लावला आणि तिच्यापुढे धरला. काळसर जांभळं अंग. सगळ्या कडेने पिवळीधमक किनार. डोक्यावर दोन कोंब, टोकाला नारिंगी. पाठीवर मागे पिसांचा एक झुपका उमललेला. खाली ओला खडक.

"ही गोगलगाय. संक्रांतीला सकाळी ओहोटीत सापडली. जिवंत असतानाचा फोटो आहे हा. स्पिरिटमध्ये ठेवली की रंग उतरतो, पांढरी पडते, आक्रसून वाकते."

मैनाबाईने फोन हातात घेतला. ते दोन कोंब तिने ओळखले. बाकी काही ओळखीचं नव्हतं.

"अशी कोणी अजून पाहिलेली नाही," विवेक सांगत होता. "नवी जात असणार, असं आमच्या सरांनाही वाटलं. पण ते ठरवायला नमुना लागतो, नुसता फोटो चालत नाही. होळीला घरी दाखवून मग मोठ्या संग्रहालयात ती स्वतः नेऊन देणार होती. एवढा नाजूक नमुना घरी कशाला नेतेस म्हणून मी भांडलो तिच्याशी. ऐकलं नाही तिने. ती गेल्यावर आम्हाला वाटलं, कोणीतरी बाटली संग्रहालयात पोचवली. आता त्यांनी कळवलं की नाही पोचली. दुसरी सापडते का म्हणून आम्ही सगळा महिना खडक पालथे घातले. नाही सापडली."

"ताप कशाचा होता?" मैनाबाईने विचारलं.

"डेंग्यूचा. कागद काकांजवळ आहेत."

कागद इंग्रजीत होते. तेजरामने ते कोणालाच दाखवले नव्हते, आणि तिने वाचून दाखवा म्हटलं नव्हतं. तिला विचारायची भीती वाटली होती.

ती खाली बसली. तेजराम दह्याचं पाकीट घेऊन त्यांना शोधत मागे आला तेव्हा दोघं तशीच बसलेली होती. तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. कुठे थांबली नाही, की काही लपवलं नाही. पोरीबद्दल काय वाटलं होतं तेही सांगितलं. तेजराम उभ्याने ऐकत राहिला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"चिठ्ठी होती का आत?" त्याने एवढंच विचारलं.

तिने आतून कुंकवाची डबी आणली. आरशामागून काढलेल्या चिठ्ठीला लाल डाग लागले होते. तेजरामने चष्मा लावला. इंग्रजी त्याला बोलता येत नव्हती, पण बत्तीस वर्षं चिठ्ठ्या वाचल्या होत्या.

"नंबर सत्तेचाळीस," तो वाचायला लागला. "चौदा जानेवारी. ओहोटी, खडकाच्या खालची बाजू. नग एक. गोळा करणारी, नूतन." मग तो थांबला. "अन् हे शेवटी का लिवलं? मैना?"

"ते त्या गोगलगायीसाठी तिने ठरवलेलं नाव, काका. नवी जात ठरली असती तर हेच नाव लागलं असतं. एकदा लागलं की मग जगभर तेच."

"कोणाचं नाव?" मैनाबाईने विचारलं, जसं काही तिला ते ठाऊकच नव्हतं.

"तुमचं, काकू. ती म्हणायची, आईने मला रोवण्यात वाकायला शिकवलं म्हणून हे दिसलं. आम्ही दहा मिनिटांत कंबर धरून उभे राहायचो. ती दोन दोन तास पाण्यावर वाकलेली असायची, आपली सावलीसुद्धा पडू न देता."

मैनाबाई चिठ्ठीकडे बघत राहिली. दहा महिने रोज कुंकू लावताना ती हे अक्षर बघत होती. त्यात आपलं नाव आहे हे तिला कोण सांगणार होतं? कोणाला दाखवायची सोयच तिने ठेवली नव्हती.

"आता लागंल का नाव?" तिने विचारलं.

उत्तर तेजरामने दिलं.

"नमुना नाई तं चिठ्ठी कशाची वो," तो म्हणाला, आणि फावडं आणायला गेला.

त्याने हातभर चौकोन आखून घेतला, खाणीत आखायचे तसा, आणि थराथराने माती काढून चाळणीत घातली. लुगड्याच्या काठाचे चार धागे निघाले. मिठाचा एक खडाही राहिला नव्हता, पावसाने सगळं नेलं होतं. विवेकने त्याला दोनदा सांगितलं की काका, राहू द्या, इतकं मऊ शरीर मातीत महिनाभरही टिकत नाही. तेजरामने मान हलवली आणि पुढचा थर काढला.

चार वाजता विवेकला निघावं लागलं, गोंदियाहून गाडी होती. जेवताना त्याने पुरणाची पोळी खाल्ली, दुसरी मागून घेतली. जाताना चिठ्ठी तुमच्याजवळच ठेवा म्हणाला. पुन्हा सापडेल का, असं मैनाबाईने दारात विचारलं तेव्हा त्याने खोटा धीर दिला नाही. "शोधत राहू," म्हणाला. "सापडली तर नाव हेच."

तो गेल्यावर मैनाबाई आत आली. दहा महिने मैनाबाईने दोन जीव गेल्याचं दुःख धरलं होतं. आज कळलं की त्यातला एक कधी नव्हताच, आणि तोच गेल्यासारखं तिला आत्ता रडू आलं. तो परसाखालचा, दिवाळीची पणती घेतलेला, ज्याचे कान कोणासारखे असतील म्हणून तिने विचार केला होता. त्याच्यासाठी ती आधी रडली. मग लाज वाटली.

कपाटाच्या बाजूचा फोटो तिने ओढून काढला, पदराने पुसला आणि खाटेवर समोर ठेवला. नूतन त्यात हसत होती.

"मी तुयावर वाईट संशय घेतला, बाई," मैनाबाई म्हणाली. "माह्या पोटची असून घेतला. दहा महिने तुले भिंतीकडं तोंड करून ठेवलं. मले माफ कर नाई तं नको करू, तुयी मर्जी." तिने नाक पुसलं, आणि मग आवाज चढला, पोरगी समोर असती तर चढला असता तसा. "पण तुले का झालतं वो? फोनवरच सांगतीस. आई, मले एक गोगलगाय सापडली, तिले तुयं नाव देतो, एवढंच सांगाचं होतं ना? मले का समजलं नसतं? हातात देऊन दाखवीन म्हणे. दिली ना हातात."

खिळा घरातच होता, फळीवर. तिने तो ठोकला आणि फोटो लावला. हार नव्हता, म्हणून दाराशी लावलेल्या झेंडूतलं एक तोडून खोचलं.

मागून चाळणीचा आवाज अजून येत होता. तेजराम तीच माती तिसऱ्यांदा चाळत होता. मैनाबाईने सूप उचललं आणि त्याच्यासमोर जाऊन बसली.